दुरुस्तीची वाट

रविवारी सकाळी आमच्या मालवणच्या घराच्या पडवीत तीन-चार मुले-मुली आपापले लॅपटॉप घेऊन येऊन बसतात. कोणी कुडाळला शिकतो आहे, कोणी पुण्यातली नोकरी सोडून गावी परतला आहे, कोणी हिंजवडीतल्या कंपनीचे काम घरी बसून करते आहे. तारकर्ली-देवबागच्या निवास-न्याहारीवाल्यांच्या खोल्यांचे आरक्षण, आंबा-काजूच्या मागण्यांची नोंद, एखाद्या संस्थेच्या सभासदांची यादी, अशी कामे ही मंडळी करतात. माझी तीस वर्षे मुंबई-पुण्यात डेटाबेसशी झटापट करण्यात गेली, म्हणून अडले की माझ्याकडे येतात. (घरचे घावने हे दुसरे कारण असावे; पण ते कोणी बोलून दाखवत नाही.)

मागच्या आठवड्यात त्यांच्यातल्या एकाने विचारले, "काका, आमच्या धंद्यातली एकच गोष्ट सांगा, जी कधीच विसरायची नाही." त्याला वाटले असावे, मी एखाद्या नव्या भाषेचे किंवा नव्या साधनाचे नाव घेईन. मी म्हटले, "चूक दुरुस्त करण्याची वाट ठेव." पोरगा जरा हिरमुसला. मग मी त्याला एक जुनी गोष्ट सांगितली. तीच आज वाचकांनाही सांगावीशी वाटते. कारण ज्या घरातला मुलगा, सून किंवा भाचा या धंद्यात नाही, असे घर आता विरळाच; आणि ज्याची जमीन, ठेव, तिकीट, रेशन किंवा निकाल कुणा प्रोग्रॅमरच्या हातून गेलेला नाही, असे घर तर शोधूनही सापडायचे नाही.

गोष्ट १९९० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतली. मी नुकताच फॉक्सप्रो शिकलो होतो आणि आपल्याला सगळे येते अशा थाटात वावरत होतो. एका पतसंस्थेने सभासदांची नोंदवही संगणकावर घेण्याचे काम मला दिले. संस्थेचे नाव सांगत नाही. चूक माझी होती, संस्थेची नव्हे. त्या काळी संगणकात जागेची काटकसर करावी लागे, आणि छपाई यंत्रावर एका ओळीत ऐंशीच अक्षरे बसत. म्हणून सभासदाच्या नावाला मी पंचवीस अक्षरे दिली. इंग्रजीत 'श्रीमती', मग नाव, मग पतीचे नाव, एवढ्यातच ती पंचवीस अक्षरे संपत आणि आडनाव बाहेर राही. मला त्यात काही वावगे वाटले नाही.

त्या संस्थेत एकाच नावाच्या दोन बायका सभासद होत्या. दोघींच्या पतींची नावेही तीच. फरक फक्त आडनावाचा, आणि आडनाव तर मी कापून टाकलेले. भरीला भर म्हणजे नाव टाइप केले की पहिली जी नोंद सापडेल ती दाखवून माझा प्रोग्रॅम थांबत असे. तसे आणखी कोणी आहे काय, हे तो पाहतच नसे. जुने कारकून दोघींना चेहऱ्याने ओळखत, खातेक्रमांक त्यांना तोंडपाठ असत. त्यामुळे माझी चूक ते आपल्या डोक्यात रोज दुरुस्त करीत होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. ते निवृत्त झाले, नवा मुलगा आला, आणि त्या वर्षी काजू विकून एकीने आणून भरलेले १८०० रुपये दुसरीच्या खात्यात जमा झाले.

मृगाच्या पावसात ती बाई लावणीच्या खर्चासाठी पैसे काढायला आली. यंत्र म्हणाले, एवढे पैसे नाहीत. ती परत गेली. पुन्हा आली. एसटीने यायचे, बाकावर बसायचे, तेच उत्तर ऐकायचे आणि जायचे. तिच्याकडची पावती पावसात भिजून गेली होती. तिसऱ्या खेपेस मी योगायोगाने तिथे हजर होतो. ती भांडली नाही. हळूच म्हणाली, "माझ्याच ध्यानात रवाक नाय. पैसे मीच काढले असतले."

हे वाक्य मी आजतागायत विसरलेलो नाही. यंत्रावर तिचा इतका विश्वास बसला, की तिने स्वतःवरचा विश्वास काढून घेतला. त्या दिवशी आम्ही पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती काढल्या आणि संध्याकाळपर्यंत एकेक पान उलटले. पावती सापडली. पैसे परत तिच्या खात्यात आले. पण मधल्या काळात तिची एक पाटली सराफाकडे गहाण पडली होती.

कुणी म्हणेल, ही पस्तीस वर्षांपूर्वीच्या एका नवशिक्याची हकिगत. आता असे कुठे होते? तर मग इंग्लंडकडे पाहावे. तिथल्या टपाल खात्याने १९९९ पासून 'होरायझन' नावाची संगणकप्रणाली गावोगावच्या पोस्टांत बसवली. ती मधूनच हिशेबात खोटी तूट दाखवी. पोस्ट चालवणारी माणसे कळवळून सांगत होती की आम्ही पैसे घेतलेले नाहीत; पण यंत्र बरोबरच असणार असे धरून चालले गेले. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक माणसे चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरली. काही तुरुंगात गेली, काहींची घरेदारे गेली, काहींनी जीव दिला. अखेर २०२४ साली तिथल्या संसदेला खास कायदा करून त्यांच्या शिक्षा एकगठ्ठा रद्द कराव्या लागल्या. प्रोग्रॅममध्ये चूक होती ही त्यातली लहान गोष्ट. चूक झाल्यास दाद कुठे मागायची, याची वाटच कोणी ठेवली नव्हती, ही मोठी गोष्ट.

आणि गंमत अशी, की ही वाट ठेवण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. ती तलाठ्याच्या दप्तरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. सातबारा आपण सगळेच जाणतो: गाव नमुना ७ मध्ये हक्क कोणाचा, नमुना १२ मध्ये पीक कोणते. पण त्यांच्यामागे उभा असतो नमुना ६, म्हणजे फेरफारांची नोंदवही. माणूस वारला, जमीन विकली, वाटणी झाली, की सातबाऱ्यावर थेट हात लावत नाहीत. आधी फेरफाराची नोंद होते, संबंधितांना नोटिसा जातात, चावडीवर प्रत लागते, हरकतीसाठी १५ दिवस असतात. हरकत आली तर चौकशी होते. मग मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि त्यानंतरच ती सातबाऱ्यावर उतरते. उतरतानाही जुने नाव खोडत नाहीत. त्याला कंस करतात आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक लिहितात. पन्नास वर्षांनी नातवाने विचारले, की आजोबांचे नाव कधी आणि कशाने गेले, तर तो क्रमांक धरून मागे जाता येते.

आमची हुशार मंडळी याच्या नेमके उलट करतात. खातेदाराचा पत्ता बदलला, रक्कम बदलली, की जुन्यावर नवे लिहून मोकळी होतात. जुने काय होते, कोणी बदलले, कधी, कशाच्या आधारे, याचा मागमूस उरत नाही. माझा पहिला सल्ला हाच: ज्या नोंदीवर कुणाचा पैसा, हक्क किंवा अब्रू अवलंबून आहे, ती पुसू नका, तिला कंस करा. बदलांचा एक वेगळा तक्ता ठेवा आणि त्यात प्रत्येक बदल तारीख-वेळेसह, करणाऱ्याच्या नावासह, कारणासह लिहा. संगणकात जागा आता स्वस्त आहे.

आणखी एक. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत १५५ वे कलम आहे ते लिहिण्यातल्या चुका दुरुस्त करण्यासाठी. कायदा करणाऱ्यांनी गृहीत धरले, की कारकून हा माणूस आहे आणि तो चुकणार. आपल्या प्रोग्रॅममध्ये असे १५५ वे कलम कुठे आहे, हे प्रत्येक प्रोग्रॅमरने स्वतःला विचारावे. 'माझी नोंद चुकली आहे' असे सांगण्याची जागा पडद्यावर आहे का? ते सांगणे कोणा माणसापर्यंत पोचते का? त्या माणसाला नोंद सुधारण्याचा अधिकार दिला आहे का? की तोही "कंप्युटर घेत नाही" एवढेच म्हणून हात वर करणार?

सातबारे जेव्हा हाताने लिहिलेल्या कागदांवरून संगणकात गेले, तेव्हा तफावती निघाल्याच. म्हणून २०१७ साली राज्यात चावडीवाचनाची मोहीम झाली. गावकऱ्यांपुढे संगणकातले उतारे वाचून दाखवायचे आणि चुका टिपून घ्यायच्या. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, त्याच्या पाठीशी हा खटाटोप होता. तपासणीचा याहून चांगला धडा मला कोणत्याही पुस्तकात मिळाला नाही. आम्ही प्रोग्रॅम तपासतो तो आमच्याच मनातल्या 'अबक' नावाच्या माणसावर. ज्याची माहिती आहे त्याच्यापुढे ती वाचून दाखवली, तर तो एका मिनिटात सांगतो, "हा माझा बापूस न्हय, काको." माझा दुसरा सल्ला म्हणून हा: काम हाती घेतले, की एक दिवस त्या खिडकीपाशी जाऊन बसा, जिथे तुमचा प्रोग्रॅम चालणार आहे. कारकून वहीच्या समासात काय लिहितो, कोणते चिटोरे काचेखाली ठेवतो, ते पाहा. तुमच्या प्रोग्रॅममध्ये जे राहून जाणार आहे, ते त्या चिटोऱ्यावर असते.

कोकणातली जमीन हा तर या धंद्यातला मोठा गुरू आहे. इथल्या एकेका सातबाऱ्यावर वीस-वीस, तीस-तीस सहहिस्सेदार असतात. निम्मे मुंबईत, काही बडोद्याला, काही देवाघरी. 'मालकाचे नाव' अशी एकच चौकट ठेवणारा प्रोग्रॅम इथे पहिल्याच दिवशी आडवा होतो. १९७० साली एडगर कॉड या आयबीएममधल्या गणितज्ञाने माहिती साठवण्याची जी पद्धत मांडली, तिचे मर्म अशाच गुंत्यात कळते. माणसांचा तक्ता वेगळा, जमिनींचा वेगळा, आणि कोणाचा कशात किती वाटा याचा तिसरा. मग हिस्सेदार दोन असोत की चाळीस, मांडणी मोडत नाही. मुलांना मी म्हणतो, आधी कागदावर असे तक्ते काढा आणि आपल्याच घराची वाटणी त्यात बसवून पाहा. ती बसली तर कोणाचीही बसेल.

नावांचे दुखणे मात्र अजून गेलेले नाही. माझी पंचवीस अक्षरे गेली. पण आजही कित्येक अर्जांत आडनाव लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, किंवा मधले नाव वडिलांचेच असले पाहिजे असा हट्ट असतो. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडीकडे ख्रिस्ती कुटुंबे आहेत. इंग्रजीत डिसोझा लिहिताना 'डी' या अक्षरानंतर वरच्या अंगाला एक इवलासा स्वल्पविराम येतो. डेटाबेसला सूचना देण्याची जी एसक्यूएल नावाची भाषा आहे, तिच्यात नेमके तेच चिन्ह 'मजकूर इथे संपला' असे सांगते. ज्या प्रोग्रॅमरने भरलेले नाव आणि आपली सूचना एकाच वाक्यात गुंफली, त्याचा प्रोग्रॅम डिसोझांचे नाव येताच कोसळतो. आणि ज्या फटीतून एका सज्जनाचे आडनाव प्रोग्रॅम मोडते, त्याच फटीतून चोर आपली सूचना आत सारतो आणि सबंध कोठार बाहेर काढतो. उपाय जुना आणि साधा आहे. सूचना वेगळी पाठवावी, भरलेली माहिती वेगळी पाठवावी. दोहोंची खिचडी कधीच करू नये. याची सोय आज प्रत्येक भाषेत आहे. तरी काही महाभाग दुसराच उपाय करतात: ते चिन्हच वर्ज्य करतात आणि डिसोझांना सांगतात, की तुमचे नाव अवैध आहे. बाप-आजाचे नाव अवैध ठरवणारे आपण कोण?

मराठीची वेगळीच मौज. पूर्वी प्रत्येक फाँटची अक्षरे निराळी असत आणि एकाचा मजकूर दुसऱ्यात नेला की भेंडोळे होई. युनिकोडने तो त्रास संपवला. पण सगळाच नाही. 'कऱ्हाडे' या शब्दातला तो पापणीसारखा अर्धा 'र' संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात; यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. एका रीतीने नोंदलेले कऱ्हाडे दुसऱ्या रीतीने शोधले, की 'असा कोणी नाही' असे उत्तर येते. म्हणून साठवण्यापूर्वी आणि शोधण्यापूर्वी अशा अक्षरांचे एकच रूप करून घ्यावे. वेंगुर्ला आणि वेंगुर्ले एकच आहे, हेही यंत्राला आपणच शिकवायचे असते. आणि सर्वांत महत्त्वाचे: माणूस ओळखायचा तो क्रमांकाने, नाव हे हाक मारण्यासाठी. एका नावाचे दोन सापडले तर दोघांनाही पडद्यावर आणा, सोबत गाव, जन्मवर्ष दाखवा, आणि निवड माणसाला करू द्या. एवढे मी तेव्हा केले असते, तर त्या बाईची पाटली सराफाकडे गेली नसती.

आता खोल्यांच्या आरक्षणाकडे येऊ. कारण सध्या आमच्या किनाऱ्यावर घरटी तो विषय आहे. मालवणच्या बंदरावर मासळीचा लिलाव होतो तेव्हा टोपली एकाच बोलीला सुटते. एकच टोपली दोघींनी उचलली, असे कधी होत नाही. नाताळच्या सुट्टीत मात्र आमच्याकडच्या एका निवासात रात्री नऊ वाजता दोन कुटुंबे उभी राहिली, एक कोल्हापूरचे, एक पुण्याचे. दोघांच्याही मोबाइलवर त्याच खोलीचे पक्के आरक्षण. झाले असे, की दोघांनी एकाच क्षणी पाहिले तेव्हा खोली रिकामी होती. प्रोग्रॅमने दोघांनाही 'हो' म्हटले आणि मग लिहायला गेला. पाहणे आणि लिहिणे यांच्यामध्ये ती फट राहिली. एका खोलीची एका रात्रीची नोंद एकदाच होऊ शकते, हा नियम डेटाबेसलाच घालून द्यावा. आपल्या प्रोग्रॅमच्या शहाणपणावर सोडू नये. दुसरा कोणी घुसू लागला तर डेटाबेस स्वतःच दार लावतो.

हीच गोष्ट पैशांची. गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांना विचारा. गाड्यांचे आरक्षण २०२४ च्या नोव्हेंबरपासून साठ दिवस आधी उघडते. सकाळी आठाच्या ठोक्याला अख्खी मुंबई त्या एका दारावर लोटते. अशा गर्दीत खात्यातून पैसे जातात आणि तिकीट मात्र येत नाही, हा अनुभव घेतलेली माणसे प्रत्येक वाडीत आहेत. पैसे घेणे आणि तिकीट देणे हे व्यवहाराचे दोन पाय आहेत. एक उचलला आणि दुसरा अडकला तर माणूस पडतो. डेटाबेसमध्ये 'ट्रान्झॅक्शन' नावाची सोय आहे ती एवढ्यासाठीच: झाले तर सगळे, नाही तर काहीच नाही. पण पैसे बँकेच्या यंत्रात आणि तिकीट आपल्या यंत्रात असे दोन ठिकाणी काम असले, की तेवढ्याने भागत नाही. तिथे प्रत्येक मागणीला एक क्रमांक द्यावा, म्हणजे घाबरून माणसाने बटण तीनदा दाबले तरी पैसे एकदाच जातील. अडकलेले व्यवहार रोज रात्री आपण होऊन जुळवावेत. आणि माणसाला स्पष्ट सांगावे, तेही मराठीत: तुमचे पैसे गेले आहेत, तिकीट झालेले नाही, रक्कम अमुक दिवसांत परत येईल, हा तुमचा तक्रार क्रमांक. 'काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा' हे वाक्य लिहिणाऱ्याने ते एकदा आपल्या आईला वाचून दाखवावे.

आमच्या भागात आणखी एक पाहुणा असतो: खंड पडणे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेले तेव्हा खांब आडवे झाले आणि कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. एरवीच्या पावसातही मोबाइलची एकच दांडी येते-जाते. पुण्याच्या कार्यालयातल्या वेगावर तपासलेले चित्रांनी लठ्ठ झालेले पान इथे उघडत नाही. पाने हलकी ठेवा. अर्धा भरलेला अर्ज वीज गेली तरी फोनमध्ये शाबूत राहू द्या. ओटीपी येण्याआधीच त्याची मुदत संपेल अशी घाई करू नका. आणि लोकांकडून गरजेपुरतेच मागा. दोन रात्रींच्या खोलीसाठी घेतलेली आधारकार्डांची छायाचित्रे वर्षानुवर्षे कोणाच्या तरी फोनमध्ये पडलेली मी पाहतो तेव्हा अंगावर काटा येतो. जे ठेवलेच नाही ते चोरीला जात नाही. पासवर्ड तर जसाच्या तसा कधीच साठवू नये. ज्यातून मूळ शब्द परत काढता येणार नाही, अशाच रूपात तो ठेवावा.

शेवटची गोष्ट प्रतींची. आमच्या घरी जुने कागद पत्र्याच्या ट्रंकेत असत. वर्षातून एकदा, पावसाळा सरला की आजोबा ते उन्हात घालीत. वाळवी लागली आहे की नाही, हे ट्रंक उघडल्याशिवाय कळत नाही, असे ते म्हणत. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या, खुद्द प्रोग्रॅमरांनाच सेवा देणाऱ्या कंपनीत रात्री उशिरा काम करताना एकाने चुकून चालू डेटाबेस पुसला. प्रती राखण्याच्या त्यांच्याकडे पाच तऱ्हा होत्या. वेळ आली तेव्हा पाचांतली एकही धड कामाला आली नाही. योगायोगाने सहा तासांपूर्वीची एक प्रत दुसऱ्या कामासाठी काढलेली होती, तिने अब्रू राखली. त्या कंपनीने हे काहीही न लपवता जगाला सांगितले, याबद्दल मला तिचा आदर वाटतो. धडा आजोबांचाच आहे: बॅकअप घेतला म्हणजे काम संपले नाही, महिन्यातून एकदा त्यावरून सगळे पुन्हा उभे करून पाहावे. ट्रंक उघडावी.

हे सगळे ऐकून पडवीतली मुले दोन हरकती घेतात. पहिली अशी, की गिऱ्हाईक एवढ्याचे पैसे देत नाही; त्याला काल सांगितलेले उद्या हवे असते. ही हरकत खोटी नाही. पण गवंडी पाया भरताना घरमालकाला 'पाया हवा का' असे विचारत नाही. तो त्याच्या दरातच धरलेला असतो. बदलांची नोंद, एका खोलीची एकच नोंद, वेगळी पाठवलेली माहिती, तपासलेला बॅकअप हा आपला पाया आहे. त्याची वेगळी किंमत लावू नका आणि तो गाळून स्वस्तही होऊ नका.

दुसरी हरकत ताजी आहे. "काका, आता प्रोग्रॅम एआयच लिहून देते, हे सगळे आम्ही कशाला शिकायचे?" लिहून देते, हे खरे. मीही त्याची मदत घेतो. पण वेंगुर्ल्याच्या डिसोझांचे नाव, सहहिस्सेदारांचा गुंता, एका नावाच्या दोन बायका हे त्याला कोणीतरी सांगावे लागते, आणि ते खिडकीपाशी बसलेल्यालाच ठाऊक असते. शिवाय चूक झाली तर बाकावर बसलेल्या बाईसमोर उभे राहायला यंत्र येत नाही. तिथे आपल्यालाच उभे राहावे लागते.

मी तसा उभा राहिलो होतो. पावती सापडली, पैसे जमा झाले, संस्थेने दिलगिरी व्यक्त केली, आणि पाटली सोडवण्याचे व्याज मी माझ्या बिलातून दिले. तिला सांगितले, "आजी, चूक तुमची नव्हती. माझ्या प्रोग्रॅमची होती." मला वाटले होते, ती चिडेल. निदान पैशांबद्दल काही विचारील. ती माझ्याकडे क्षणभर बघत राहिली आणि मग तिच्या तोंडावर असे काही हसू आले, की ते मी पुन्हा कुठल्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर पाहिले नाही. "म्हणजे मी इसराक नाय तर!" ती म्हणाली. मग तिने पिशवी उचलली आणि एसटी चुकेल म्हणून लगबगीने निघून गेली.